ताईचा एक आणा

महाडला पावसाळा सरला की घरोघर दोन वस्तू उन्हात पडतात, गाद्या आणि कागद. ज्या वर्षी पाणी मोठे त्या वर्षी कागद जास्त. सावित्री आणि गांधारी यांच्या काठी राहणाऱ्या आम्हा लोकांना पुराचे अप्रूप नाही. कोणत्या सालची रेघ भिंतीवर कुठवर आहे हे आम्ही पाहुण्यांना जरा अभिमानानेच दाखवतो. पण २२ जुलै २०२१ चे पाणी काही निराळेच होते. त्या रात्री आईला घेऊन मी माळ्यावर बसून होतो आणि खाली वडिलांची पत्र्याची ट्रंक तरंगत तरंगत देवघराच्या दाराशी येऊन थांबलेली कंदिलाच्या उजेडात दिसत होती.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली. वडील २०१९ च्या जानेवारीत गेले, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ओले कागद एकमेकांना चिकटलेले. आईने ते एकेक सोडवून दोरीवर चिमट्यांनी टांगले, अगदीच लिबलिबीत झालेले कोमट तव्यावर पापडासारखे परतले. त्यात घराची पावती निघाली, पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या भातखाचरांचे आणि वरकस जमिनीचे जुने उतारे निघाले, आणि निघाले १९७८ सालचे एक हक्कसोडपत्र. माझ्या आत्याचे. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ तिने वडिलार्जित मिळकतीवरचा आपला हक्क भावाच्या लाभात सोडला होता. खाली तिची सही. आत्या चौथी शिकलेली. सहीतला शेवटचा ‘ई’ ओळ सोडून खाली घसरला होता.

आत्याची आणि वडिलांची माया सबंध आळीला ठाऊक होती. ‘मला माहेरची चोळीबांगडी मिळाली म्हणजे सारे मिळाले,’ असे ती म्हणे. तेव्हा त्या कागदाने मला काही टोचले वगैरे नाही. उलट खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. कारण तसलाच एक मसुदा मी स्वतः तयार करून ठेवला होता. पुराने घराचा मागचा सोपा ढासळला होता, दुरुस्तीसाठी कर्ज हवे होते, आणि ‘मिळकत एका नावावर असली तर सोयीचे पडेल’ असे मला सांगण्यात आले होते. आई, थोरली ताई आणि धाकटी बहीण, तिघींनी माझ्या लाभात हक्क सोडावा, एवढीच त्यातली मागणी. आत्याच्या कागदातली वाक्ये मला माझ्या मसुद्यात आयती घालता आली. मराठीचा प्राध्यापक असून ‘राजीखुशीने’ या शब्दाकडे मी तेव्हा थांबून पाहिले नाही.

ताई गोव्यात, म्हापशाला असते. त्या वर्षी भाऊबीजेला मीच तिच्याकडे जायचे ठरवले. पिशवीत तिच्यासाठी साडी, भाच्यासाठी फटाके आणि मसुद्याची एक प्रत. सही महाडला येऊन करायची, आधी नुसता वाचून दाखवावा, असा बेत.

ओवाळून झाले. ताटात साडी घातली. फराळ झाला. मग मी हळूच कागद काढला. ताई वाचायला चष्मा शोधू लागली तेवढ्यात तिच्या सासूबाईंनीच तो हातात घेतला. ऐंशीच्या घरातल्या, सडसडीत, मराठी शाळेत शिकलेल्या बाई. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला आणि मला विचारले,

“यात तुमच्या आईचा अर्धा कुठे लिहिलाय?”

मी म्हणालो, “अर्धा कसला? आईचा वाटा सर्वांसारखाच. तीही सोडून देते आहे.”

“अर्धा तर तिचा नवरा असतानाच तिचा. नवरा मेल्यावर वाटायचा तो उरलेला अर्धा,” त्या म्हणाल्या. मला एवढी साधी गोष्ट कळत नाही याचे त्यांना नवल वाटलेले दिसले. “आणि जावयाची सही नको? आमच्याकडे बायकोने काही सोडायचे तर नवऱ्याची सही लागते. नवऱ्याने सोडायचे तर बायकोची.”

दाजी हसत म्हणाले, “मला कशाला मधे ओढता?” आणि फटाक्यांकडे गेले. ताई काही बोलली नाही. तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या पिशवीत, रिकाम्या झालेल्या साडीच्या जागी, परत ठेवली.

वाचक म्हणतील, एकाच देशात, एकाच धर्माच्या दोन घरांत, दोनतीनशे मैलांवर वारसाचे कायदे इतके निराळे कसे? मलाही तेच वाटले. परतल्यावर महाडच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राला गाठले आणि त्याच्या टेबलावरची पुस्तके चाळण्यात पुढचे दोन महिने घालवले.

गोव्याची गोष्ट अशी. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण ही संहिता चालू ठेवण्यात आली. तिच्यातला वारसाचा भाग पुढे गोवा विधानसभेने २०१२ मध्ये केलेल्या स्वतःच्या कायद्यात आला. वेगळा करार लग्नापूर्वी केला नसेल तर नवराबायकोची मिळकत एकत्र होते आणि दोघे निम्म्यानिम्म्याचे धनी होतात. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही. मृत्युपत्र करायचे तर आपल्या वाट्याच्या निम्म्यापुरतेच करता येते. राहिलेले निम्मे मुलांसाठी राखीव, बापाची इच्छा असो वा नसो. साध्या कागदावर दोन साक्षीदार घेऊन केलेले आपल्याकडचे मृत्युपत्र तिथे चालत नाही, ते सरकारी नोटरीपुढे करावे लागते. वारसांत वाटणी जमली नाही तर कोर्टात मिळकतीची यादी होते आणि एकेका वस्तूवर वारसांनीच आपापसात बोली लावायची असते. भावाभावांचा लिलाव! कल्पना चमत्कारिक वाटते, पण एका विहिरीच्या चार भिंती चौघांत वाटण्यापेक्षा शहाणपणाची आहे.

हा कायदा गोव्याच्या वेशीवर थांबतो असेही नाही. एका गोवेकराच्या मुंबईतल्या घरावरून तंटा सुप्रीम कोर्टात गेला, आणि १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात कोर्टाने सांगितले की गोवेकराची मिळकत भारतात कुठेही असली तरी वारसापुरता तिला गोव्याचाच कायदा लागू. म्हणजे हा कायदा माणसाच्या पाठीवर बसून मुंबईपर्यंत येतो.

पण मला खरा धक्का गोव्याने दिला नाही, महाडनेच दिला. वकील मित्राने एक जाडजूड ग्रंथ माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “तुला वाटते राज्याराज्यांत फरक आहे. अरे, एके काळी फरक नागोठण्याला होता.”

इंग्रजी अमदानीत हिंदूंचा वारसा शास्त्रग्रंथांवरून ठरे. बंगालात दायभाग, बाकी देशात मिताक्षरा. मिताक्षरा विज्ञानेश्वराची, याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका चालुक्यांच्या कल्याणीस, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली गेली. पण मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकण एवढ्या टापूत तिच्याही वर मान होता ‘व्यवहारमयूखा’ला. तो सतराव्या शतकातल्या काशीच्या नीळकंठभट्टाचा. आता उत्तर कोकण कुठे संपते? मुंबई बंदरासमोरच्या करंज्याला मयूख लागू, असे हायकोर्टाने १८७९ मध्ये ठरवले होते. १९१६ मध्ये महाडचा एक दावा हायकोर्टापुढे गेला. निवाडा असा झाला की मयूखाचे वर्चस्व चौल आणि नागोठणे यांच्या दक्षिणेला नेता येणार नाही, महाडला मिताक्षराच.

याने काय फरक पडे? समजा एखादा कमावता मुलगा, बायको नाही, मूल नाही, मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या स्वतःच्या कमाईचा वारस कोण? मयूख म्हणे, आधी बाप, मग आई. मिताक्षरा म्हणे, आधी आई, मग बाप. म्हणजे एकाच कुलाबा जिल्ह्यात नागोठण्याच्या वर ती मिळकत बापाकडे जाई आणि खाली महाडला आईकडे. विज्ञानेश्वराने आईला पुढे का घेतले हे पाहाल तर भाषेच्या शिक्षकाला गहिवरून यावे. मूळ स्मृतीत शब्द आहे ‘पितरौ’. हा एकशेष समास. त्याचा विग्रह करताना ‘माता’ आधी येते आणि ‘पिता’ नंतर. शिवाय बाप सावत्र भावांचाही असू शकतो, आई मात्र त्या एका मुलाचीच. म्हणून ती जवळची. मी वीस वर्षे वर्गात समास शिकवतो आहे. एका विग्रहावर म्हाताऱ्या बायकांची घरे तगली असतील हे कधी मनात आले नव्हते.

आणखी एक गंमत. हा नीळकंठभट्ट गागाभट्टाच्या वडिलांचा चुलत भाऊ. पुतण्याने ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. रायगड आमच्याच महाड तालुक्यात. पुतण्याचे मंत्र गडावर घुमले, पण चुलत्याच्या ग्रंथाला मात्र गडाच्या पायथ्याशी पहिला मान मिळाला नाही.

महाडचा आणि या कायद्याचा दुसरा धागा सर्वांना ठाऊक असलेला. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर पाणी प्याले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावात मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल उभे केले, आणि ते रखडले म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले. बिलाचे तुकडे करून जे कायदे नंतर आले त्यांतला वारसाचा कायदा १७ जून १९५६ चा. त्यात आईचे नाव पहिल्या वर्गाच्या वारसांत आहे, बापाचे दुसऱ्या वर्गात. नागोठण्याच्या खालची बाजू साऱ्या देशात जिंकली, म्हणा ना. (उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून स्वतंत्र संहिता आली, तिने बापालाही पहिल्या रांगेत आणून बसवले आहे.)

मात्र १९५६ ने मुलीला पुरते आत घेतले नाही. वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मानेच वाटा मिळतो तो मुलांना. मुलीला फक्त बापाच्या वाट्यातला वाटा. इथे मी कागद घेतला आणि वडील करीत तसा आण्यांत हिशेब मांडला. जुन्या उताऱ्यांवर हिस्से आणे-पैंतच लिहिलेले असत. आमचे घर सोळा आणे धरा. वडील, आई, मी, ताई, धाकटी.

जुन्या नियमाने आधी बाप, आई आणि मुलगा असे तीन वाटे कल्पायचे आणि मग बापाचा वाटा चौघा वारसांत वाटायचा. मला सहा आणे आठ पै, आईला तितकेच, बहिणींना प्रत्येकी एक आणा चार पै.

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलीला जन्मसिद्ध हिस्सेदार केले. पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ताईचे लग्न १९९४ च्या मे महिन्यात झाले. वैशाखातला मुहूर्त. धाकटी तेव्हा शाळेत जात होती. म्हणजे वडील समजा २००३ मध्ये गेले असते तर आईला पाच आणे, मला पाच, धाकटीला पाच आणि ताईला एक आणा. एका आईच्या दोन मुली. एकीला पाच, दुसरीला एक, आणि मधे सहा आठवडे. तो मुहूर्त वडिलांनीच आणला होता, ‘आषाढात पावसाचे लग्न नको’ म्हणून.

आता हेच घर जागच्या जागी ठेवून राज्ये बदलून पाहा. हैदराबादला असतो तर? आंध्राचा कायदा १९८५ पासूनचा, ताई तेव्हा कुमारिका, म्हणून तिला पाचाहूनही काही कमी नव्हते. तिथे तिघे भावंडे सारखीच. तंजावरकडच्या मराठी कुटुंबांत असतो तर तिथे १९८९ पासून, तीही सुटली असती. बेळगावला मात्र तारीख ३० जुलै १९९४, तिथे ती महाडइतकीच अडकली असती. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबच मोडीत काढले. बंगालात मुलाला मुळात जन्महक्क नाही, त्यामुळे १९५६ पासून सर्वांना चार चार आणे. गोव्यात आईला आठ आणे आणि आम्हा तिघांना दोन आणे आठ पै प्रत्येकी. शेतजमिनीचे आणखी निराळे; झाशीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली माणसे आहेत, त्या उत्तर प्रदेशात २०१६ मध्ये अमलात आलेल्या महसूल संहितेनेसुद्धा शेतीच्या वारसांत विवाहित मुलीला विधवा आणि मुलगा यांच्या मागे ठेवले.

९ सप्टेंबर २००५ रोजी संसदेने मुलींची लग्ने आधी की नंतर हा भेदच काढला. तरी बाप त्या तारखेला हयात हवा की नको यावर पंधरा वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने ‘नको’ म्हणून तो मिटवला. आमचे वडील तर २०१९ पर्यंत होतेच. तेव्हा आमचा हिशेब सरळ आहे. पाच वाटे, त्यातला वडिलांचा चौघांत, म्हणजे प्रत्येकी चार आणे. बाजारपेठेतले घर वडिलांनी स्वतः घेतलेले, तेही चौघांत चार चार आणेच. कसेही फिरवा, ताईचे चार.

मग मी तिला साडी देऊन मागत होतो ते चार आणे. मनात एवढा वेळ धरून बसलो होतो तो मात्र तिचा एकच आणा होता, तोही माझ्या दृष्टीने शिल्लक राहिलेला.

हे सारे मृत्युपत्राने टळले असते असे अनेकजण म्हणतात. टळते, आणि नवीन काही उभेही राहते. माझ्या एका काकांचा दादरला ब्लॉक होता आणि इकडे थोडी जमीन. काकांनी दोन्ही एकाच मृत्युपत्रात लिहिली. महाडच्या जमिनीची नोंद त्या कागदावर झाली. दादरच्या ब्लॉकसाठी मात्र हायकोर्टाचे प्रोबेट आणावे लागले, कारण मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन जुन्या शहरांच्या हद्दीत हिंदूंच्या मृत्युपत्राला ते सक्तीचे होते आणि मुफसलात नव्हते. त्यात दोन वर्षे गेली. ही सक्ती संसदेने २०२५ च्या डिसेंबरात काढून टाकली. काकूंना आता त्याचा उपयोग नाही.

पुराच्या त्याच दिवशी आमच्या तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दोन वाड्यांवर दरडी आल्या. घरेच्या घरे एकदम गेली तिथे वारस कोण? अशा वेळी कोण आधी गेला हे कुणाला सांगता येणार? १९५६ च्या कायद्यात त्यासाठीही एक कलम आहे. धाकटा थोरल्याच्या मागून मेला असे धरून चालावे, असे ते सांगते. मी ते कलम वाचले आणि पुस्तक मिटून घरी आलो. त्या दिवशी पुढे काही वाचवले नाही.

डिसेंबरात ताईला फोन केला आणि मसुदा फाडल्याचे सांगितले. ती म्हणाली, “फाडलास कशाला? मी सही केलीच असती.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण माझे नाव एकदा लागलेले बघायचे होते रे उताऱ्यावर. आत्याचे कधी लागलेच नाही.”

उताऱ्यावर चौघांची नावे लागली. घराच्या दुरुस्तीला सर्वांच्या संमतीने कर्ज मिळाले, हवे होते त्याहून थोडे कमी; मागचा सोपा म्हणून अजून पत्र्याचाच आहे. जमिनीचे भात धाकटीकडे डोंबिवलीला आणि ताईकडे म्हापशाला एकेक पोते जाते. भाड्यासकट हिशेब केला तर वेडेपणा आहे. आई करू देत नाही.

आईला मी हा आण्यांचा कागद वाचून दाखवला होता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे म्हापशाच्या विहिणीला आठ आणे आणि मला चार?”

“हो.”

“पण तिला आठातल्या चारांचेच मृत्युपत्र करता येते ना? माझे चार?”

“तुझे चारही तुझे. कुणालाही दे. मला नाही दिलेस तरी चालेल कायद्याला.”

“बरे झाले सांगितलेस,” आई म्हणाली.

२०२२ च्या मार्गशीर्षात शेजारच्या काकूंना आणि आमच्या डॉक्टरांना साक्षीला घेऊन ती नोंदणी कचेरीत गेली. मला रिक्षापर्यंतच येऊ दिले. कागदात काय लिहिले आहे ते आम्हा तिघा भावंडांपैकी कुणालाही ठाऊक नाही. दाजींना ठाऊक असावे असा ताईला संशय आहे. परत आल्यावर तिने पाकीट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळले, आत्याच्या हक्कसोडपत्रासकट नव्या ट्रंकेत ठेवले आणि ट्रंक माळ्यावर चढवायला लावली. मी शिडीवर होतो. खालून तिने भिंतीवरची २०२१ ची रेघ बघितली आणि म्हणाली, “अजून वर. त्या तुळईपाशी.”